मोऱ्याला सांगावा गेला नाही

माझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात कोट घातला नाही. माझ्या लग्नात मामांनी बळेबळे सफारी शिवून दिली होती, ती त्यांनी अक्षता पडताच उतरवून ठेवली आणि बनियनवर जेवणाच्या टोपांकडे पळाले. अल्बममध्ये ते फक्त पाठमोरे दिसतात, हातात कालथा. असा माणूस मेल्यावर त्याला निळा कोट, लाल टाय आणि गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची चेन घालून गावाच्या कमानीवर चढवलं. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'सुप्रसिद्ध उद्योजक व दानशूर व्यक्तिमत्त्व'. दोन्ही बाजूंना हात जोडलेले पुढारी. एकेकाचं तोंड मेलेल्या माणसापेक्षा मोठं.

पनवेलच्या बॅनरवाल्यांकडे असे कोट तयार असतात, हे मला तेव्हा कळलं. आधार कार्डावरचं डोकं घ्यायचं, कोटावर बसवायचं, गाल गोरे करायचे, मिशी काळी कुळकुळीत करायची. उन्हाने बारीक झालेले डोळेही त्या शहाण्याने मोठे केले होते. बाबा त्या बॅनरवरून असे बघत होते, जणू कुणी त्यांना गॅसचं कनेक्शन विकायला बसवलंय.

पण तो कोट मी गिळला असता. आमच्या पनवेल-उरण पट्ट्यात आता कुत्र्याच्या वाढदिवसाचेसुद्धा बॅनर लागतात, तिथे कोटाचं काय घेऊन बसायचं. माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे आणि तो अजून निवलेला नाही. बाबा गेल्याचा सांगावा मोऱ्याला, उरणजवळच्या त्या बंदरावर राहणाऱ्या त्यांच्या जुन्या सोबत्याला, गेला नाही, याचा मला राग आहे.

आमच्या आगरी गावांत माणूस गेला की सोयऱ्यांना, सोबत्यांना माणूस पाठवून कळवायची रीत होती. सांगावा नेणारा घरात पाऊल टाकत नाही. अंगणात उभा राहतो, पाणी घेत नाही, टेकत नाही. उभ्या उभ्या सांगतो, रडारड सुरू झाली की जरा थांबतो आणि पुढच्या गावाची वाट धरतो. हे काम कुणालाच नको असायचं. म्हणून ते बाबांकडे यायचं. एक तर त्यांचे पाय दणकट आणि सायकल त्याहून दणकट. दुसरं म्हणजे त्यांना सांगता यायचं. ते आडवळणाने बोलत नसत, 'जरा सीरियस हाय, चला' असली खोटी थाप मारत नसत. अंगणात उभे राहून घरच्या मोठ्या माणसाला हाक मारायचे आणि म्हणायचे, 'तुजी बहीन गेली. सकाली गेली. त्रास नाय झाला.' मी लहान असताना एकदा त्यांच्या सायकलच्या दांड्यावर बसून गेले होते. परतताना मी विचारलं, 'बाबा, तुम्ही पाणी का नाही प्यायलात? एवढं ऊन होतं.' ते म्हणाले, 'त्यांच्या घरातला मानूस गेलाय, आपन त्यांना पानी मागायचा?'

गावोगाव दुसऱ्यांच्या मरणाचे सांगावे पोचवत ज्याची हयात गेली, त्याच्या मरणाला आम्हाला एक माणूस पाठवता आला नाही. चिडू नको तर काय करू?

बाबा तळोज्याच्या एका कारखान्यात फिटर होते. तीन पाळ्यांची नोकरी. पण लहानपणी मला वाटायचं, नोकरी हा त्यांचा जोडधंदा असावा, कारण पाळी कोणतीही असो, उरलेला वेळ ते छपराखाली सापडायचेच नाहीत. आमचं जुनं गाव पनवेल आणि उलव्याच्या मधे खाडीला टेकून होतं. खारीत, खाडीकाठच्या खारट जमिनीत, आमचं भाताचं शेत. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून चिखलाचा मोठा बांध, आणि त्या बांधावर बाबा. पावसाळ्यात उधाणाला बांध फुटला की अख्खं गाव धावायचं, त्यात हे सगळ्यांच्या पुढे. कंबरेएवढ्या पाण्यात उभे राहून चिखलाची ढेकळं हातोहात पुढे द्यायचे आणि तिथूनच परस्पर दुसऱ्या पाळीला जायचे. कामाचा कंटाळा आलाय असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. घरात बसून कंटाळा आलाय, हे मात्र पाच मिनिटांत ऐकू यायचं.

जेवण ओट्यावर, झोप अंगणातल्या खाटेवर. सुट्टी मिळाली की आम्हा सगळ्यांची वरात कर्नाळ्याच्या किल्ल्यावर. आई सायकलच्या कॅरियरवर, भाऊ दांड्यावर, मी शेजारून पळत, आणि हँडलला सुकट-भाकरीची पिशवी. मला त्यांनी खाडीत पोहायला शिकवलं. पाठीला सुके दुधी भोपळे बांधले आणि सरळ पाण्यात सोडलं. गावातल्या बायका आईला बोलल्या, पोरीच्या जातीला कशाला पाण्यात घालता. बाबा म्हणाले, 'खाडी पोरगा-पोरगी बगत नाय. बुडवायची तर दोघांना बुडवते.' भाऊ झाला तेव्हा आई बाळंतिणीच्या खोलीत आणि माझ्या वेण्या बाबांकडे. मासे धरायचं जाळं ते स्वतः विणायचे, त्यामुळे हाताला एकच गाठ माहीत. रिबिनीलाही तीच. शाळेत दिवसभर माझी वेणी हलायची नाही आणि संध्याकाळी ती सोडवायला आजी सुई घेऊन बसायची.

आणि त्यांचा तो जोडीदार. काका म्हणायचो आम्ही त्यांना, नात्याने कुणी नव्हेत. दोघे तरुणपणी एका मिठागरावर कामाला होते. बाबा कारखान्यात लागले, काका मोऱ्याच्या बाजूला जाऊन राहिले, पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला दोघे एकत्र खाडीत, हे काही चुकलं नाही. पाग फेकायला खरं तर एक माणूस पुरतो. हाताने गोल फेकायचं जाळं ते. पण बाबा एकटे कधी गेले नाहीत. एकाने फेकायचा, दुसऱ्याने टोपली धरायची, आणि मग निम्मा वेळ कुणाची फेक वाकडी पडली यावर भांडायचं. मासे कमी आणि भांडण जास्त घेऊन घरी यायचे. आई म्हणायची, 'माजा लगीन कुनाशी झालाय तेच कलत नाय.'

पुढे विमानतळासाठी गाव उठलं. शेत, बांध, खाडीचा तो फाटा, सगळं भरावाखाली गेलं. आम्हाला पनवेलजवळ नव्या गावात प्लॉट मिळाला, भावाने त्यावर तीन मजली बंगला बांधला. माझा भाऊ बिल्डर आहे. म्हणजे आमच्याकडे जसे असतात तसा, गाडीच्या मागच्या काचेवर स्वतःचं नाव आणि नावापुढे शेठ. मन वाईट नाही त्याचं. बाबांना त्याने एसीची खोली दिली, संगमरवरी फरशी दिली. बाबा तिथे एक दिवस झोपले. दुसऱ्या दिवशी खाट उचलून गच्चीवर. रंगाच्या रिकाम्या ड्रमांत माती भरून त्यांनी भेंडी लावली, लाल माठ लावला आणि घरातल्यांना बजावलं की माझ्यासाठी लिफ्ट लावू नका, मी मेलेला नाय. खाडी बुजली तरी काका होते. दर उधाणाला बाबा पहाटेच्या बसने मोऱ्याला जायचे. काका एकटेच राहायचे. बायको वारली होती, मुलगे लांब. मोबाईल दोनदा पाण्यात पडला, तिसरा त्यांनी घेतला नाही. शाळेचं तोंडही त्यांनी कधी पाहिलेलं नाही. त्यांना काही कळवायचं तर तिथे जाऊन, समोर उभं राहूनच कळवावं लागे. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. भावालाही माहीत होतं.

बाबा गेले ते गच्चीवरच, दुपारी, झाडांना पाणी घालताना. आई जेवायला बोलवायला वर गेली तेव्हा पाइप चालू होता आणि सगळी गच्ची ओली. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी खारघरला शाळेत शिकवते. फोन आला तशी वर्ग टाकून धावले. पोचले तेव्हा तिरडीचे बांबू आले होते. अशा वेळी माणसं किती भराभर कामं करतात, बघून भीती वाटते. मी भावाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, 'मोऱ्याला माणूस पाठव. काका आल्याशिवाय उचलायचं नाही.' त्याच्या दोन्ही कानांना दोन फोन. म्हणाला, 'सगल्यांना कलवलाय, ताई. तू आईकडे बग.'

मी आईकडे बघितलं. काका आले नाहीत. संध्याकाळ व्हायला आली, म्हातारी माणसं घाई करू लागली आणि बाबांना नेलं. मी मनात म्हटलं, मोरा काय जवळ आहे? बस मिळाली नसेल, उद्या येतील. ते दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. पुढच्या दिवसांत सगळं गाव येऊन गेलं, लांबलांबची माणसं आली, ज्यांनी बाबांना हयातीत नमस्कार केला नाही तीही पांढरे कपडे घालून आली. काकांचा पत्ता नाही. मला हळूहळू काकांचाच राग यायला लागला. एवढी वर्षं भांडलात, खाल्लंत, प्यायलात, आणि दोन अश्रू गाळायला पाय निघत नाही? भावाला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, 'निरोप पोचलाय गं.' आई भिंतीला टेकून बसल्या बसल्या म्हणाली, 'आजारी असंल तो. नायतर आला असता.'

दहाव्याला तलावाच्या काठी मांडव घातला होता, पाचशे खुर्च्या, माइक, दोन बाजूंना स्क्रीन. आमच्याकडे आता दशक्रियेला प्रवचन असतं आणि प्रवचनानंतर पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, ते मी त्या दिवशी स्क्रीनवर पाहिलं. एकाने बाबांना कामगारांचा आधारवड केलं. दुसऱ्याने शिक्षणमहर्षी की काय केलं. तिसरा, ज्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणाला, 'विकासासाठी हसत हसत आपली काळी आई देणारा हा थोर भूमिपुत्र!' टाळ्या. दहाव्याला टाळ्या!

हसत हसत. भरावाचे डंपर आले त्या दिवशी बाबा बांधावर जाऊन बसले होते. पोलीस आले, त्यांनी उठवलं, हे शंभर पावलं पुढे जाऊन पुन्हा बसले. मग घरी आले आणि आईला म्हणाले, 'जेवन नको.' पुढे कितीतरी महिने त्या दिशेने गेले नाहीत. बसने पनवेलला जायचं तर ते दुसऱ्या खिडकीला बसायचे. आणि हा बुवा म्हणतो हसत हसत! मी खुर्चीवरून उठले. माइककडे निघाले होते, पण मावशीने पदर धरून खाली बसवलं. म्हणाली, 'बाय, आज नको. पिंड ठेवायचाय.' पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बघा, इच्छा राहिली नाही काही. मला वाटलं, भाषणं संपायची वाट बघून बघून त्यालाही भूक लागली असेल.

घरी परतताना मी भावाला गाडीतच धरलं. 'खरं सांग. मोऱ्याला सांगावा घेऊन कोण गेलं होतं?'

तो काचेतून बाहेर बघत म्हणाला, 'बॅनर लागलेत ना, ताई. आपल्या कमानीवर, पनवेलला, उलव्याला, उरणच्या नाक्यावर. मी मुद्दाम नाक्यावर मोठा लावला. मोऱ्याला जानारा-येनारा प्रत्येक मानूस बगतो तो. स्टेटसला पन रोज टाकलाय.'

'कोण गेलं होतं?'

'कोन नाय,' तो म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला त्या गाडीत कळलं. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. ज्याला फोन नाही त्याला तू स्टेटस दाखवतोस? ज्याला अक्षर येत नाही त्याला तू नाक्यावर बॅनर लावतोस? आणि ज्या थोबाडाचा लावलायस ते आपल्या बापाचं आहे का, ते तरी एकदा बघ! ड्रायव्हरने आरसा वाकडा केला. बिचाऱ्याला कुठे बघावं समजेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः मोऱ्याला जायला निघाले. चप्पल पायात घातली आणि फाटकातून काका आत आले.

खांद्यावर टॉवेल, हातात वेताची टोपली, वर ओलं गोणपाट. गोणपाटाखाली चिंबोऱ्यांची, खाडीतल्या खेकड्यांची, खुडबुड चालली होती. मला बघून हसले. हसतच भांडायला सुरुवात केली. 'कुठं हाय तो? उधान गेला फुकट. मी जेट्टीवर बसलो वाट बगत आनी ह्याचा पत्ता नाय. आजारी हाय कं?'

तेवढ्यात आतून भाऊ बाहेर आला. नवीन पांढरा कुर्ता आणि काल केस उतरवलेलं, उन्हात चकाकणारं डोकं.

काकांनी त्या डोक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा डोक्याकडे. आणि त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर मागे वळून, जवळजवळ पळत, ती टोपली फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली. 'सुतकात मासली आनली मी,' ते म्हणत होते. 'त्याच्या दारात सुतकात मासली आनली.' मी हात धरून सांगितलं, काका, तुम्हाला माहीत नव्हतं, असू दे. त्यांना ते ऐकूच जाईना. टॉवेलने हात पुसत होते, पुन्हा पुन्हा, मासळीचा वास जाईना म्हणून.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, 'कवा?'

'काल दहावा झाला,' मी म्हटलं.

'दहावा झाला,' ते म्हणाले. मग कमानीच्या दिशेने हात केला. 'तिथं उतरलो आता. वर कुनाचा तरी फोटो हाय. रिक्षावाल्याला इचारला, कोन गेला रं? तो बोलला, कोनतरी शेट हाय. मी हात जोडले. म्हटला, कुनी का असंना, मेलेला हाय.'

मी भावाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती. काका त्याला म्हणाले, 'चल. दाखव मना.'

आम्ही तिघे कमानीपाशी गेलो. काका कमरेवर हात ठेवून वर बघत राहिले. वाऱ्याने बॅनर फुगत होता, बाबांचा टाय हलत होता. काका म्हणाले, 'ह्यो कंचा मानूस? ह्यो त्यो नाय.'

'काका, मी त्यांना मोठा केला,' भाऊ म्हणाला. आवाज चढला त्याचा. 'जनमभर हाफ चड्डी आनी चिकल! शाळेत पोरं मना चिकल्याचा पोर बोलायची. मी ठरवलेला, जाताना तरी माजा बाप शेटसारखा जाईल. एवढ्या लोकांनी बगितला, फुलं वाहिली. मी काय वाईट केला?'

हे त्याने मला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. आणखी कुठल्या वेळी सांगितलं असतं तर मला त्याची कणव आली असती. तिथे मात्र मला एवढंच दिसत होतं की ह्या माणसाने बापाला मोठा करण्याच्या नादात बापाच्या जोडीदाराला त्याच्या मढ्याला खांदा देऊ दिला नाही.

काका त्याच्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, 'माजी आय मेली तवा तुज्या बापाने माज्या मामाकडे सांगावा नेलेला. उन्हाचा, सायकलीवर. मी सांगितला पन नव्हता, तो आपल्या मनाने गेला. आनी माजा मानूस मेला तर मना कुनी सांगितला नाय. तुजा टकला बगून मी समजलो. ह्यो सांगावा नाय.' मग टॉवेल खांद्यावर टाकला. 'मना तो गेलाच नाय अजून. सांगाल तवा रडन.'

आणि निघाले. भावाने गाडीने सोडतो म्हटलं तर मागे वळूनही पाहिलं नाही.

'म्हातारा येडा झालाय,' भाऊ म्हणाला. 'आता म्हाईत हाय ना त्यांना? परत काय सांगायचा?'

मी त्याला त्या कमानीखाली, भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर झापलं. शेठला त्याच्या बहिणीने झापलेलं बघायला दोन रिक्षा थांबल्या. मी म्हटलं, उद्या सकाळी तू आणि मी मोऱ्याला जातोय. आलास तर ठीक, नाही आलास तर तेराव्याच्या मांडवात तो माइक मी घेईन, आणि मग मावशीला दहा पदर धरू देत.

तो आला. गॉगल लावून आला, तो मी गाडीतच काढून घेतला. बरोबर मिठाईचा पुडा आणि फळांची करंडी घेतली होती, ती मी निघतानाच घरी उतरवून ठेवली होती. सांगाव्याला कुणी मिठाई नेतं का? जेट्टीच्या अलीकडे गाडी उभी केली आणि आम्ही चालत काकांच्या घराकडे गेलो. रस्त्याला कोळणी सुकट वाळत घालत होत्या. वाटेत त्याने मला एकदाच विचारलं, 'बोलायचा काय?' मी म्हटलं, 'बापाबरोबर सायकलवर तूही बसला असशील कधीतरी.'

काका अंगणात बसून पाग दुरुस्त करत होते. आम्हाला येताना पाहिलं, उठले नाहीत. मग उठले, आत गेले, तांब्या भरून आणला आणि ओट्याच्या कडेवर ठेवला. पाहुणा आला की ठेवतात तसा. मग पुन्हा पाग घेऊन बसले. भावाचा हात पुढे गेला. मी बघितलं त्याच्याकडे. हात मागे आला.

तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला. दहाव्याला पाचशे माणसांपुढे ह्याने न अडखळता आभार मानले होते. आता त्याने दोनदा घसा खाकरला. 'काका, आमच्या वडिलांचं दुःखद निधन...'

'काय बोलतोस?' काका म्हणाले. 'नीट बोल.'

'काका, परवा... म्हंजे त्या दिवशी दुपारी... बाबांना देवाज्ञा...'

काका बघत राहिले. मीही बघत राहिले, कारण तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या एवढ्या दिवसांत आमच्या घरात ते वाक्य कुणी बोललंच नव्हतं. बॅनरवर छापून आलं होतं, स्टेटसला लागलं होतं, माइकवरून गाजलं होतं. तोंडाने कुणाला सांगावंच लागलं नव्हतं.

भाऊ तोंड उघडायचा आणि मिटायचा. मग एकदम, लहानपणी गल्लीतून रडत यायचा त्या आवाजात, तो म्हणाला, 'काका, माजा बापूस मेला.'

एवढं बोलला आणि होता तिथेच मातीत बसला. पांढऱ्या कुर्त्यासकट. दोन्ही हातांनी ते केस उतरवलेलं डोकं धरून तो रडला. मढं उचलताना रडला नव्हता इतका, दहाव्याला रडला नव्हता इतका. मी त्याला उठवायला गेले नाही. मला अजूनही राग होता, आणि खरं सांगायचं तर आजही आहे.

काकांनी पाग खाली ठेवला. भिंतीला हात लावून उभे राहिले आणि त्यांनी असा हंबरडा फोडला की जेट्टीच्या बाजूचे कावळे उडाले. आजूबाजूच्या दारांतून माणसं बाहेर आली. शेजारच्या अंगणात एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडत होती, तिने तिथूनच विचारलं, 'कोन गेला?'

'माजा जोडीदार गेला,' काका म्हणाले.

म्हातारीच्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ तसेच टाकून ती कुंपणापर्यंत आली, आणि मोऱ्याला सगळे बाबांना ज्या नावाने हाक मारायचे त्या नावाने रडायला लागली. ते नाव आमच्या एकाही बॅनरवर नव्हतं.